भामची हरवलेली गढी आणि थोरले रघूजी

प्रतिनिधी, यवतमाळ

थोरल्या रघूजी भोसल्यांचे नाव निघाले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नागपूर उभे राहते. महालातला राजवाडा, जुम्मा दरवाजा, ओरिसापर्यंत पोहोचलेली राजवट हे सारे खरेच; परंतु हा पुरुष नागपूरचा झाला तो वयाच्या उत्तरार्धात. त्याआधी त्याचे घर होते यवतमाळ जिल्ह्यातील भाम येथे. याच घरात तो पुत्रवत वाढला, याच घरातून दुखावून बाहेर पडला आणि पुढे फौज घेऊन परतला तेव्हा त्याने वेढा घातला तोही याच घराला. आज त्या घराची एकही भिंत छायाचित्र काढावे अशा स्थितीत उभी नाही. ते नुसता सरदारी वाडा होते की तटबंदी असलेली गढी, हा प्रश्न वरवर स्थानिक हौसेचा वाटतो. मात्र त्याचे उत्तर शोधू लागले की रघूजींच्या आयुष्याचा सर्वांत कमी सांगितला जाणारा भाग समोर येतो.

इंग्रजी अमदानीत तयार झालेल्या वऱ्हाडच्या गॅझेटिअरमध्ये भामची नोंद आहे. नदीच्या वर उंच पठारावर वसलेले ओसाड शहर, दगडी इमारतींचे दूरवर पसरलेले अवशेष, पहिल्या रघूजी भोसल्यांचे निवासस्थान आणि एकट्या बैराग्यांचीच पाच हजार घरे असल्याची लोकांतील आठवण, असे त्या नोंदीचे थोडक्यात स्वरूप आहे. पाच हजारांचा आकडा जसाच्या तसा घेण्याचे कारण नाही. एका घरात पाच माणसे धरली तरी बैरागीच पंचवीस हजार होतात, आणि अठराव्या शतकाच्या आरंभी वऱ्हाडच्या या कोपऱ्यात एवढी वस्ती पोसली जाणे कठीणच. परंतु अतिशयोक्तीही उगाच जन्मत नाही. त्या काळचे गोसावी-बैरागी केवळ भिक्षेकरी नव्हते. त्यांच्यात सावकारी करणारे होते, दूरदेशीचा व्यापार करणारे होते आणि शस्त्र धरून चाकरी करणारेही होते. अशा लोकांचा जमाव जेथे पैसा आणि फौज असते तेथेच होतो. तेव्हा आकडा बाजूला ठेवला तरी भाम हे चालते-बोलते लष्करी ठाणे होते, एवढा अर्थ त्या आठवणीतून निघतोच.

आजच्या जिल्ह्याचा नकाशा डोळ्यांपुढे ठेवून हे समजत नाही, म्हणून थोडे मागे गेले पाहिजे. ‘आईन-इ-अकबरी’त यवतमाळ हे लोहाऱ्याला जोडलेला एक महाल म्हणून येते. सरकारचे मुख्य ठिकाण होण्याचा मान त्या ग्रंथात कळंबला आहे. इंग्रजांच्या काळातही १९०५ पर्यंत जिल्हा ओळखला जाई तो वणीच्या नावाने. म्हणजे ज्या काळात यवतमाळची गणना एका लहानशा परगण्याच्या गावात होत होती, त्या काळात भाममध्ये मराठी राज्यातील पहिल्या प्रतीच्या सरदाराचा दरबार भरत होता.

हे सरदार मूळचे वऱ्हाडचे नव्हेत. पुणे जिल्ह्यातील हिंगणी हे त्यांचे गाव आणि म्हणून हिंगणीकर भोसले हे त्यांचे नाव. सातारा भागातील देऊर येथेही त्यांचे वतन होते. या घराण्यातील रूपाजी भोसले शहाजीराजांच्या काळीच भामला येऊन राहिले होते, आणि ते निपुत्रिक वारल्याने त्यांची मिळकत भाऊ मुधोजी यांच्या वंशाकडे आली, असे घराण्याचा इतिहास सांगतो. मुधोजींचे पुत्र परसोजी यांना राजाराम महाराजांच्या काळात वऱ्हाड आणि गोंडवनाच्या बाजूला चौथाई वसूल करण्याचा अधिकार आणि सेनासाहेब सुभा हा किताब मिळाला. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर शाहू महाराज मोगलांच्या कैदेतून सुटून दक्षिणेत आले, तेव्हा हे खरे शाहू की तोतया अशी कुजबुज होती. त्या वेळी परसोजी त्यांच्याबरोबर एका ताटात जेवले आणि शंका मिटवली, ही हकिकत प्रसिद्ध आहे. शाहूंनी हे उपकार कधी विसरले नाहीत. १७०९ मध्ये परसोजी वारल्यावर त्यांचे पुत्र कान्होजी सेनासाहेब सुभा झाले आणि भाम हे त्यांचे मुख्य ठाणे झाले.

रघूजी हे कान्होजींचे चुलत पुतणे. परसोजींचे भाऊ बापूजी, बापूजींचे पुत्र बिंबाजी आणि बिंबाजींचे हे पुत्र. जन्म वाईजवळच्या पांडववाडीचा. बिंबाजींना मूल होत नव्हते. रामाचे उपासक असलेल्या एका कोल्हटकर ब्राह्मणाच्या आशीर्वादाने मुलगा झाला, म्हणून नाव रघूजी ठेवले, अशी बखरीतील कथा आहे. कथेचे काय ते असो, कोल्हटकर घराण्याशी भोसल्यांचा संबंध मात्र पुढे रक्ताने लिहिला गेला. त्याविषयी पुढे येईलच. वडील लवकर गेले. आई-आजीच्या छायेत काही वर्षे काढल्यावर हा मुलगा वऱ्हाडात आला, आधी अमरावतीस राणोजी भोसल्यांकडे आणि नंतर भामला कान्होजींकडे.

कान्होजींना त्या वेळी मूल नव्हते. पोरका पुतण्या आणि निपुत्रिक काका एका छपराखाली आल्यावर जे होते तेच झाले. रघूजी मुलासारखे वाढले, आणि पुढे हे सारे आपल्याकडेच यायचे, अशी समजूत उघड न बोलताही घरात रुजली. मग कान्होजींना मुलगा झाला. त्याचे नाव रायाजी. ज्या दिवशी तो पाळण्यात आला त्या दिवसापासून रघूजींचे त्या घरातले स्थान बदलले असले पाहिजे. बखरकार अशा गोष्टींवर फार शाई खर्च करीत नाहीत. ते थेट बेबनावाची हकिकत देतात. परंतु एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणाही मराठी वाचकाला मधली पाने वाचता येतील.

रघूजी मोजके स्वार घेऊन भाम सोडून गेले. देवगडच्या चांद सुलतान या गोंड राजाकडे त्यांनी काही काळ चाकरी केली, काही काळ एलिचपूरच्या नबाबाकडे केली. या भटकंतीला दुर्दैव म्हणण्याचा प्रघात आहे. प्रस्तुत लेखकाला ती त्यांची खरी शाळा वाटते. देवगडच्या दरबारातील भाऊबंदकी, एलिचपूरच्या मोगली कारभारातील भेगा आणि सातपुड्याच्या वाटा त्यांनी या काळात चाकराच्या नजरेने पाहिल्या. पुढे धनी म्हणून परतल्यावर त्यांना कोणाला वाट विचारावी लागली नाही.

तेथून ते साताऱ्यास गेले. शाहू महाराजांना शिकारीचा नाद होता आणि रघूजी निधड्या छातीचे शिकारी होते. एवढ्या धाग्यावर जुळलेली ओळख वाढत गेली आणि महाराजांनी शिर्के घराण्यातील, आपल्या राणीच्या नात्यातील मुलगी त्यांना करून दिली. इकडे कान्होजींचे दरबाराशी फाटत चालले होते. वऱ्हाड आणि गोंडवनातून वसूल होई, पण त्याचा हिशेब आणि राजाचा वाटा साताऱ्यास वेळेवर पोहोचत नसे. कान्होजी साताऱ्यास आले, वाद झाला आणि ते रागावून निघून भामला परतले. ते निजामाला मिळणार, अशी चर्चा सुरू झाली. शाहूंच्या दृष्टीने ही मर्यादा होती. ज्या घराण्याने आपल्याला ताटाला ताट लावून ओळख दिली, त्याच घराण्यातील माणूस शत्रूकडे जाणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि त्याच्यावर पाठवायला हाताशी त्याच घराण्यातील दुसरा माणूस तयार होता.

१७३० च्या दशकाच्या आरंभी सेनासाहेब सुभा हा किताब कान्होजींकडून काढून रघूजींना देण्यात आला. त्यांनी जो करार लिहून दिला त्याची कलमे ग्रँट डफच्या इतिहासात आली आहेत. राज्याच्या चाकरीसाठी पाच हजार स्वार बाळगावेत. सालाना नऊ लाख रुपये भरावेत. घासदाण्याचा हक्क सोडून उरलेल्या खंडणी-लुटीचा अर्धा वाटा राजाकडे द्यावा. गरज पडल्यास दहा हजार स्वार उभे करून सांगतील तेथे जावे. काकांनी जे दिले नाही ते सारे पुतण्याने आधीच कबूल केले होते. किताबाची किंमत कागदावर ठरली. ती वसूल करायची होती भामच्या दारात.

रघूजी फौजेसह वऱ्हाडात उतरले आणि त्यांनी भामला वेढा घातला. वाडा की गढी, या प्रश्नाचे उत्तर याच एका शब्दात दडलेले आहे. वाड्यावर चाल करतात, वाडा लुटतात, जाळतात. वेढा घालतात तो तटाला. बाहेरच्याला आत शिरता येत नाही आणि आतला काही दिवस तग धरू शकतो, तेव्हाच वेढ्याची भाषा संभवते. दगडी इमारतींचे अवशेष, खाली नदी असलेले उंच पठार आणि वेढ्याची हकिकत या तीन गोष्टी एकत्र ठेवल्या तर कान्होजींचे निवासस्थान तटबंदीचे असावे, हाच निष्कर्ष अधिक सयुक्तिक ठरतो.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी येथे गढीविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण किल्ला म्हटले की आपल्याला सह्याद्रीचे कडे आठवतात. वऱ्हाडात तसे कडे नाहीत. येथील देशमुखांनी, परगण्याच्या अधिकाऱ्यांनी आणि सरदारांनी गावातल्या उंचवट्यावर गढ्या बांधल्या. पायाशी दगड, वर पांढऱ्या मातीच्या रुंद भिंती, कोपऱ्यांना बुरूज, आत शिरायला एकच मोठा दरवाजा आणि त्यात माणूस वाकून जाईल अशी दिंडी. आत विहीर आणि धान्याची पेवे. पाणी आणि ज्वारी आत असली की लहानशी शिबंदीसुद्धा पेंढाऱ्यांच्या टोळीला किंवा चौथाईला आलेल्या पथकाला काही दिवस झुलवू शके. तोफा लावून नेटाने बसलेल्या फौजेपुढे मात्र मातीचा तट फार काळ टिकत नसे, आणि हे आत बसलेल्यालाही ठाऊक असे.

कान्होजींनाही ते ठाऊक असावे. ते भाममध्ये अखेरपर्यंत अडकून राहिले नाहीत, बाहेर पडले. रघूजींनी पाठलाग केला आणि वणीजवळच्या मंदर येथे त्यांना गाठले. तेथे लढाई होऊन कान्होजी कैद झाले आणि त्यांची रवानगी साताऱ्यास झाली. उरलेले आयुष्य त्यांनी नजरकैदेत काढले. गोंडवनात स्वाऱ्या करणाऱ्या आणि थेट कटकपर्यंत धडक मारणाऱ्या या माणसाला इतिहासाने रघूजींच्या चरित्रातील एक अडथळा म्हणूनच शिल्लक ठेवले, हा अन्यायच म्हटला पाहिजे. पूर्वेकडची जी वाट पुढे रघूजींच्या नावावर लिहिली गेली, ती आधी तुडवली होती कान्होजींनी.

रघूजींची त्यानंतरची वर्षे शाळेच्या पुस्तकात आहेत, म्हणून ती थोडक्यात सांगतो. देवगडच्या चांद सुलतानानंतर गादीसाठी तंटा लागला. राणी रतनकुंवर हिने आपल्या मुलांच्या हक्कासाठी रघूजींना बोलावले आणि त्यांनी गादी बळकावणाऱ्या वलीशहाचा पाडाव केला. मग १७४० मध्ये शाहूंच्या आज्ञेने ते फत्तेसिंह भोसल्यांबरोबर कर्नाटकात उतरले. मे महिन्यात दमलचेरीच्या घाटात अर्काटचा नबाब दोस्तअली मारला गेला, मार्च १७४१ मध्ये त्रिचनापल्ली पडली आणि चंदासाहेब कैद होऊन साताऱ्यास आला. १७४३ मध्ये देवगडच्या दोघा राजपुत्रांतच वितुष्ट आले, तेव्हा बुऱ्हाणशहाची बाजू घेऊन रघूजींनी राज्याचा कारभार आपल्या हाती घेतला, गोंड राजाला मानाने तनखा बांधून दिला आणि स्वतः नागपूर हे कायमचे ठाणे केले.

भाम हरवले ते याच वर्षी, असे म्हणायला हरकत नाही. कोणी पाडले म्हणून नव्हे, तर धनी उठून गेला म्हणून. या निर्णयामागे भावनेपेक्षा हिशेब होता. वऱ्हाडात दोअमली होती. एकाच गावातून निजामाचा अंमलदारही वसूल घेई आणि भोसल्यांचा कमाविसदारही. तेथे रघूजी कितीही बलवान झाले तरी हक्काचे वाटेकरीच राहणार होते. नागपुरात मात्र ते राज्याचे धनी होते. छत्तीसगड, ओरिसा आणि बंगालकडे जाणाऱ्या वाटा तेथून जवळ होत्या, आणि पेशव्यांचा हात तेथवर सहज पोहोचत नव्हता. दरबार गेला, त्यामागून सावकार गेले, शिलेदार गेले, बैरागी गेले. आश्रयावर जगणारी वस्ती आश्रय उठला की दोन पिढ्यांतही विरते.

बंगालची मोहीम हा रघूजींच्या कीर्तीचा कळस मानला जातो. परंतु तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. १७४२ मध्ये त्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये शिरले. ज्या कोल्हटकरांच्या आशीर्वादाची कथा वर आली, त्याच घराण्यातील हे गृहस्थ. १७४४ मध्ये नबाब अलिवर्दीखानाने तहाच्या बोलण्यासाठी त्यांना मानकरा येथे बोलावले आणि डेऱ्यातच सरदारांसह ठार केले. पुढच्याच वर्षी रघूजी स्वतः चालून गेले. १७५१ च्या तहाने ओरिसा व्यवहारतः भोसल्यांकडे आला आणि बंगाल-बिहारच्या चौथाईपोटी सालाना बारा लाख रुपये ठरले. मात्र बारगीर या शब्दापासून आलेला बोर्गी हा शब्द बंगालच्या खेड्यांत अजूनही मुलांना भीती दाखवण्यासाठी वापरला जातो. आपल्या पराक्रमाच्या यादीत जी मोहीम शोभते, ती तेथल्या शेतकऱ्याच्या घरात लुटीची आणि जाळपोळीची आठवण म्हणून राहिली आहे. भामच्या घरावर फौज आणणाऱ्या माणसाने दुसऱ्यांची घरे राखली नाहीत, यात नवल ते काय?

या साऱ्या काळात पेशव्यांशी त्यांचे कधी जमले नाही. नानासाहेब पेशवे आणि रघूजी बंगालच्या वसुलावरून समोरासमोर आले, तेव्हा शाहूंनी १७४३ मध्ये साताऱ्यास दोघांना मुलूख वाटून दिले. राजाने आपल्याला घडवले, ही जाणीव रघूजींनी अखेरपर्यंत ठेवली. पेशव्याची ताबेदारी मात्र त्यांच्या गळी उतरली नाही. १४ फेब्रुवारी १७५५ रोजी नागपूर येथे त्यांचे निधन झाले.

भामची गढी शोधायची तर आता काय शोधायचे? वऱ्हाडात गावठाणाला पांढरी आणि शेताला काळी म्हणतात. पिढ्यान्‌पिढ्या माणसे नांदलेल्या जागेची माती पांढुरकी होते, आणि ती खतासारखी शेतात टाकली की पीक चांगले येते, हे शेतकऱ्याला पक्के ठाऊक असते. वऱ्हाडातील कितीतरी गढ्या अशा गाडी-गाडीने शेतात गेल्या. उरलेला घडीव दगड घरांच्या जोत्याला, विहिरीच्या बांधणीला आणि देवळाच्या पायऱ्यांना लागला. म्हणून शोध घेणाऱ्याने उभी भिंत शोधू नये. पठाराच्या कडेने सरळ रेषेत जाणारा दगडांचा पाया, कोपऱ्यावरचा गोल उंचवटा, खापऱ्यांनी भरलेली पांढरी, वस्तीपासून तुटलेली जुनी विहीर आणि गावातल्या नव्या घरांत विसंगत दिसणारे मोठे चिरे, हीच गढीची हाडे होत. १८६० नंतर वऱ्हाडात झालेल्या जमीन-मोजणीचे गावनकाशे आणि भोसल्यांचे मोडी कागद यांची सांगड या खुणांशी घालता आली, तर तटाची रेषा कागदावर आणणे अशक्य नाही. या नकाशांना आणि कागदांना हात घालणारे मोडी वाचक विदर्भात आहेत. नागपुरातील भोसल्यांचा काळ्या दगडाचा आणि कोरीव लाकूडकामाचा राजवाडा १८६४ मध्ये जळाला, तरी त्याचा नगारखाना लोकांना दाखवता येतो. भामच्या वाट्याला तेवढी कमानही आली नाही.

रघूजींच्या पश्चात चार मुलांत दौलतीची व्यवस्था लागली. जानोजी सेनासाहेब सुभा होऊन नागपुरास राहिले, मुधोजींकडे चांदा गेले, बिंबाजी छत्तीसगडात रतनपूरला गेले आणि साबाजींच्या वाट्याला वऱ्हाडातील दारव्हा आले. आजच्या यवतमाळ जिल्ह्यातील भोसल्यांचे मुख्य ठिकाण तेव्हापासून दारव्हा झाले. १७७२ मध्ये जानोजी वारले, तेव्हा त्यांनी दत्तक घेतलेला मुधोजींचा मुलगा गादीवर बसावा की साबाजींनी कारभार पाहावा, यावरून पुन्हा तंटा पेटला. २६ जानेवारी १७७५ रोजी नागपूरजवळ पाचगाव येथे सख्खे भाऊ समोरासमोर आले. लढाई साबाजींच्या बाजूने झुकली होती आणि मुधोजींचा हत्ती घेरला गेला होता. साबाजी जवळ आले, तेव्हा मुधोजींनी हौद्यातून गोळी झाडली आणि दारव्ह्याचे धनी जागीच कोसळले.